एसएसडी घ्यायच्या आधी बोर्ड बघा : डेस्कटॉपला कोणता ड्राइव्ह बसतो आणि कोणता चालतो

उदगीर_ऑनलाइन

नमस्कार मंडळी. ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सच्या सेंटरवर तीन मशीन आहेत, तिन्हींवर अजून हार्डडिस्कच आहे. प्रवेशाच्या सीझनमध्ये ब्राउझर उघडेपर्यंत गिऱ्हाईक ताटकळतं. मशीन अशी :

पहिलं – इंटेल आय३ तिसरी जनरेशन, एच६१ बोर्ड, ५०० जीबी हार्डडिस्क, डीव्हीडी रायटर.
दुसरं – डेल ऑप्टिप्लेक्स ७०४०, आडवं स्लिम कॅबिनेट, आय५ सहावी जनरेशन, रिफर्बिश्ड, ५०० जीबी.
तिसरं – रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, १ टीबी हार्डडिस्क. बोर्डावर एम.२ चे दोन स्लॉट दिसतात.

दुकानदार म्हणायलेत की तिन्हींना ५१२ जीबीची एनव्हीएमई घ्या, साटाच्या आणि तिच्या किमतीत फार फरक नाही. घेऊ का? तालुक्याला बदलून मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच विचारतोय.

कॅबिनेट_उघडा

दादा, तिन्हींना एकच ड्राइव्ह घेऊ नका. तिन्ही मशीनचं उत्तर वेगळं आहे. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह. साटा ही हार्डडिस्कची नेहमीची जोडणी, एनव्हीएमई म्हणजे पीसीआयई या वेगवान जोडणीवरून चालणारी एसएसडी, आणि एम.२ हा बोर्डावरच्या खोबणीचा आकार.

ड्राइव्हच्या खोक्यावर काय लिहिलंय ते नंतर, आधी बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, कोणता ते पक्कं करा. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा. जी खिडकी उघडते तिच्यात बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर आणि बेसबोर्ड प्रॉडक्ट अशा ओळी असतात. असेंबल मशीनला तिथं नीट नाव येतं. कधी नुसतं ‘टू बी फिल्ड’ असं काहीतरी येतं, मग कॅबिनेटचं डावं झाकण काढून बोर्डावर छापलेलं वाचा. मॉडेल बहुतेक वेळा रॅमच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरात असतं. शेजारी बारीक अक्षरात रिव्हिजनही असते. ती पण लिहून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनमध्ये एम.२ स्लॉटची जोडणी वेगळी असू शकते.

मॉडेल हातात आलं की कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवा आणि त्यातलं स्टोरेजचं पान वाचा. त्या एका पानावर चार गोष्टी कळतात. स्लॉट किती लांबीचा ड्राइव्ह घेतो, त्या स्लॉटला साटा जोडलंय की पीसीआयई की दोन्ही, पीसीआयई असेल तर कोणती जनरेशन (जेन) आणि किती लेन (डेटाच्या समांतर वाटा), आणि तो स्लॉट वापरला तर कोणतं साटा पोर्ट बंद पडतं. पाचवी गोष्ट त्या पानावर नसते, ती म्हणजे त्या ड्राइव्हवरून मशीन बूट, म्हणजे सुरू, होईल का. ती बायोसवर, म्हणजे मशीन लावल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामवर, अवलंबून. खोबणीत बसलेला ड्राइव्ह चालेलच असं नाही, आणि विंडोजमध्ये दिसणारा ड्राइव्ह बूट होईलच असंही नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

गोदाकाठ_हार्डवेअर

पहिल्या मशीनबद्दल. एच६१ चिपसेटला (बोर्डावरची पोर्ट सांभाळणारी चिप) चारच साटा पोर्ट, तीही ३ गिगाबिटची. साटाचा ६ गिगाबिटचा वेग या चिपसेटमध्ये नाहीच. एम.२ स्लॉट जुन्या एच६१ बोर्डावर नसतो आणि एनव्हीएमईवरून बूट व्हायला लागणारा ड्रायव्हर बायोसमध्ये नसतो. तो साधारण २०१४ नंतरच्या इंटेल ९ सीरिजपासून यायला लागला आणि सहाव्या जनरेशनपासून सर्रास झाला.

म्हणून इथं २.५ इंची साटा एसएसडी. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असलं तरी या बोर्डावर २७०-२८० च्या पुढं जाणार नाही. त्यानं मन खट्टू करू नका. तुमचं काम मोठ्या फायली ओढायचं नाही. विंडोज, ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर हे सगळं बारीक बारीक तुकडे वाचतं. हार्डडिस्क असे तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपास वाचते, साधी साटा एसएसडी हजारोंनी. गिऱ्हाईक ताटकळतं ते या फरकामुळं, आणि तो फरक ३ गिगाबिटच्या पोर्टवरही पूर्ण मिळतो.

एक मात्र नक्की बघा. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या आयडीई वर असेल तर नवा एएचसीआय करा. पण विंडोज आधीच टाकलेलं असताना थेट बदललं तर निळा पडदा येतो, ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. त्यासाठी आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच साधनात बूट टॅबवर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, मशीन सेफ मोडमध्ये उघडू द्या, खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट. एवढ्यानं विंडोज १० योग्य ड्रायव्हर स्वतः उचलतं.

मांजरा_टेक

एच६१ ला एनव्हीएमई अगदीच नाही असं नाही. पीसीआयई स्लॉटमध्ये बसणारं अॅडाप्टर कार्ड मिळतं. विंडोजमध्ये ड्राइव्ह दिसतो. बूट करायचं असेल तर बायोसची फाइल काढून त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर घालून पुन्हा चढवता येते. नाहीतर पेनड्राइव्हवर क्लोव्हर हा बूट करून देणारा प्रोग्राम ठेवून त्याच्यामार्फत बूट करता येतं.

गोदाकाठ_हार्डवेअर

@मांजरा_टेक, करता येतं हे बरोबर. पण धागाकर्त्याचं मशीन रोजीरोटीचं आहे. बदललेलं बायोस चढवताना लाइट गेली तर बोर्ड मेला, मग चिप काढून प्रोग्रामर लावणारा माणूस शोधा. क्लोव्हरवाला पेनड्राइव्ह कोणी काढून खिशात घातला की मशीन बंद. आणि मिळणार काय? लांब एक्स१६ स्लॉट ग्राफिक्स कार्डनं अडवला असेल तर छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये, पीसीआयई २.० च्या एका लेनवर, ४०० एमबीच्या आसपास. फॉर्म भरायच्या कामाला त्यात आणि साटामध्ये हाताला फरक जाणवणार नाही. शिकायला जुनं मशीन असेल तर जरूर करा, सेंटरवर नको.

परभणी_रिपेअर

एच६१ वरून निघालंच आहे तर. हल्ली बाजारात नव्यानं बनवलेले एच६१ आणि एच८१ बोर्ड यायलेत, त्यांच्यावर एम.२ स्लॉट असतो. त्यातल्या काहींवर एनव्हीएमई बूट होते, काहींवर स्लॉट फक्त साटाचा असतो. खोक्यावर किंवा बोर्डावर एनजीएफएफ लिहिलंय आणि एनव्हीएमई कुठंच लिहिलं नाही, तर तो साटाचाच धरून चाला. एनजीएफएफ हे एम.२ चंच जुनं नाव, पण विक्रेते ते साटावाल्या एम.२ साठी वापरतात.

आणि पोर्टच्या छपाईकडं नीट बघा. एच८१ ला दोन पोर्ट ६ गिगाबिटची, दोन ३ गिगाबिटची. बी७५ ला ६ गिगाबिटचं एकच. काही बोर्डांवर पोर्टच्या कडेला ‘साटा६जी’ आणि ‘साटा३जी’ असं छापलेलं असतं. लोक साटा३जी बघून हेच साटा थ्री (६ गिगाबिटचं) समजतात आणि एसएसडी तिथं लावतात. ते ३ गिगाबिटचं, म्हणजे साटा टू आहे. एसएसडी साटा६जी वर लावा, डीव्हीडी आणि जुनी हार्डडिस्क साटा३जी वर. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतात.

उदगीर_ऑनलाइन

समजलं. मग एम.२ मध्ये साटावाली आणि एनव्हीएमईवाली दिसायला सारखीच असते का? दुकानात हातात घेतल्यावर ओळखायची कशी?

कॅबिनेट_उघडा

ड्राइव्ह हातात घ्या आणि सोनेरी पट्ट्यांची कड बघा. एकच खाच असेल आणि तिच्या बाहेरच्या अंगाला पाच पट्ट्या असतील तर ती एम की. बहुतेक सगळ्या एनव्हीएमई अशाच. दोन खाचा असतील, एका टोकाला पाच आणि दुसऱ्या टोकाला सहा पट्ट्या, तर ती बी अधिक एम की. साटावाल्या एम.२ बहुतेक अशा असतात. पण खाच हा पक्का पुरावा नाही. दोन लेनच्या काही एनव्हीएमई दोन खाचांच्या निघाल्या आहेत. शेवटचा शब्द स्टिकरवरचा. त्यावर साटा किंवा एनव्हीएमई लिहिलेलंच असतं.

आता स्लॉट. डेस्कटॉपवरच्या एम कीच्या स्लॉटमध्ये दोन्ही जातीच्या ड्राइव्ह आत जातात. आत गेली म्हणून चालेल असं नाही. स्लॉटला फक्त पीसीआयई जोडलं असेल तर साटावाली एम.२ बायोसमध्ये दिसणार नाही, आणि उलटंही तसंच. ड्राइव्ह खराब नाही, बोर्ड खराब नाही, तारच नाही. ‘नवीन एसएसडी डिटेक्ट होईना’ म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यात हे कारण वरच्या नंबरला.

स्लिम ब्रँडेड मशीनमध्ये आणखी एक छोटा एम.२ स्लॉट असतो, वायफाय कार्डाचा. ती ई की. खाच वेगळ्या जागी असते, त्यात एसएसडी बसत नाही. जोर लावू नका.

लांबी : २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२३० आणि २२४२ आखूड. बोर्डावर ४२, ६०, ८० च्या अंतरावर भोकं असतात आणि त्यातल्या एकात पितळी खुंटी बसवलेली असते. ८० ची ड्राइव्ह लावताना खुंटी ६० च्या भोकात राहिली असेल तर काढून ८० वर लावा. तशीच ठेवली तर ड्राइव्ह मधोमध वाकते आणि खुंटीचा धातू मागच्या सर्किटला टेकतो. ड्राइव्ह साधारण ३० अंशात तिरकी धरून आत सरकवा, पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू बहुतेक बोर्डांना एम२ मापाचा (२ मिमी जाड), ३ मिमीच्या आसपास लांब. हार्डडिस्कचा जाडा स्क्रू तिथं पिळला तर खुंटीचे आटे जातात.

नांदेड_सिस्टीम्स

दुसऱ्या मशीनवर. ऑप्टिप्लेक्स ७०४० ला बोर्डावर एम.२ आहे, २२८० बसते, एनव्हीएमईवरून बूट होतं. जेन ३ ची साधी ड्राइव्ह पुरे. मात्र दुकानदाराला नुसतं ‘ऑप्टिप्लेक्स’ सांगू नका. जुनं ७०१०, ३०२०, ९०२० यांच्या टॉवर आणि स्लिम कॅबिनेटना एसएसडीचा एम.२ नाही, तिथं २.५ इंची साटाच. आणि डेलनं ७०१० हाच नंबर २०२३ मध्ये तेराव्या जनरेशनच्या मशीनला पुन्हा दिला. म्हणून नंबरासोबत प्रोसेसरची जनरेशन बघा, किंवा मागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाका.

७०४० वर हमखास अडतं ते इथं : बायोसमध्ये एफ२ दाबून सिस्टम कॉन्फिगरेशन, त्यात साटा ऑपरेशन. तिथं बहुधा ‘रेड ऑन’ (अनेक डिस्क एकत्र जोडायचा मोड) असतं. अशानं विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसतच नाही आणि लोक ड्राइव्ह परत करायला निघतात. नवीन विंडोज टाकणार असाल तर सरळ एएचसीआय करा. जुन्या डिस्कवरचं विंडोज तसंच चालू ठेवायचं असेल तर वर गोदाकाठ यांनी सांगितलेली सेफ मोडची पद्धत.

अकराव्या जनरेशनपासून पुढच्या इंटेल मशीनवर हाच प्रकार व्हीएमडी नावानं येतो. इन्स्टॉलर ड्राइव्ह दाखवत नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, नाहीतर इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ मधून द्या.

विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क काढून ठेवा, साटाची केबल उपसली तरी पुरे. दोन्ही जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर कधी कधी विंडोज नव्या ड्राइव्हवर आणि बूटची फाइल जुन्या डिस्कवर टाकतो. वर्षभरानं जुनी डिस्क गेली की नवीन एसएसडी धडधाकट असूनही मशीन उघडत नाही. पेनड्राइव्ह बनवताना जीपीटी (डिस्कचे भाग आखायची नवी पद्धत) आणि यूईएफआय (नव्या प्रकारचं बायोस) निवडा. एनव्हीएमईला लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, मोडमध्ये बूट करायचा प्रयत्न करू नका.

बालाघाट_पीसी

तिसरं मशीन सगळ्यात सोपं, पण बोर्डाचं पूर्ण मॉडेल द्या. बी४५० वर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, पीसीआयई जेन ३ च्या चार लेन. खालचा दुसरा स्लॉट बोर्डागणिक वेगळा : काही बोर्डांवर तो फक्त साटाचा, काहींवर कमी लेनचा, आणि बऱ्याचदा तो वापरला की एखाद-दुसरं साटा पोर्ट बंद. एनव्हीएमई वरच्यातच लावा. ती लावल्यावर जुनी हार्डडिस्क गायब झाली तर घाबरू नका, तिची केबल दुसऱ्या पोर्टवर लावून बघा.

जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटमध्ये चालते, वेग ३५०० एमबीच्या आसपास थांबतो. ५६००जी हा प्रोसेसरच जेन ३ चा आहे, त्यामुळं बी५५० बोर्ड असता तरी यावर जेन ४ मिळालं नसतं. जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्याच भावात मिळत असेल तर घ्या, ७००० एमबीचा आकडा बघून जास्तीचे पैसे देऊ नका.

वाचणाऱ्यांपैकी इतरांना उपयोगी : बी४५० वर अॅथलॉन असेल तर काही बोर्डांवर एम.२ दोनच लेनवर चालते. एच११० आणि एच३१० चिपसेटच्या लेन पीसीआयई २.० च्या, तिथं चार लेन मिळाल्या तरी दीड हजार एमबीच्या आसपास वेग. आणि बी५६० किंवा झेड५९० बोर्डावर दहाव्या जनरेशनचा प्रोसेसर असेल तर प्रोसेसरजवळचा एम.२ स्लॉट मेलेलाच राहतो, तो अकराव्या जनरेशनलाच जागा होतो. तिथं खालचा स्लॉट वापरायचा.

जालना_स्टुडिओ

लग्नाच्या शूटिंगचा डेटा ठेवायला ८ टीबीची हार्डडिस्क बघतेय, एडिटिंग एसएसडीवर आहे. मशीन आय५ दहावी जनरेशन, बी४६० बोर्ड. साटा आहे म्हणजे थेट लागेल ना? बाजारात सर्व्हरची म्हणून स्वस्त डिस्क मिळायलीय.

परभणी_रिपेअर

ताई, लागेल, पण तीन गोष्टी बघा.

पॉवरची तिसरी पिन. सर्व्हरसाठी बनलेल्या काही नव्या डिस्कमध्ये साटा पॉवरची तिसरी पिन ‘पॉवर डिसेबल’ म्हणून वापरतात. जुन्या पद्धतीच्या पॉवर सप्लायमध्ये त्या पिनवर ३.३ व्होल्ट कायम येतो, आणि डिस्क त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेते. फिरतच नाही, आवाजही नाही. डिस्क मेलेली नसते. तिसऱ्या पट्टीवर वीज न जाऊ देणाऱ्या कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा लावतात, किंवा मोलेक्स या जुन्या चार पिनच्या पॉवर टोकावरून साटा करणारी केबल वापरतात, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतोच. केबल घेताना तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या घ्या. प्लॅस्टिक ओतून एकजीव केलेल्या कनेक्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याचे प्रकार खूप आहेत.

दुसरं, भोकं. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कना मधलं भोक नसतं, जुन्या ट्रेमध्ये दोनच स्क्रू लागतात किंवा एकही नाही. फिरणारी डिस्क लोंबकळत ठेवू नका.

तिसरं, सर्व्हरच्या नावाखाली एसएएस या वेगळ्या जोडणीच्या डिस्कही विकतात. तिच्या डेटाच्या आणि पॉवरच्या कनेक्टरमधली जागा भरीव असते, साटामध्ये तिथं मोकळी फट असते. एसएएस डिस्क तुमच्या बोर्डावर अजिबात चालणार नाही.

कॅबिनेट_उघडा

यात भर. ८ टीबी डिस्क जीपीटी करूनच वापरा, एमबीआर ही आखायची जुनी पद्धत २ टीबीच्या पुढचं बघूच शकत नाही. आणि डेटाशीटमध्ये सीएमआर की एसएमआर ते बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, सीएमआरमध्ये वेगवेगळे. एकदा शूटिंग टाकून ठेवायचं असेल तर चालते. पण सतत पुसून पुन्हा लिहायला लागलं की कॅशे (तात्पुरती जागा) भरल्यावर वेग अगदी खाली येतो, आणि रेडमध्ये तर ती घालूच नका. तुमच्या कामाला सीएमआर. आणि लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही, त्यामुळं दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

उदगीर_ऑनलाइन

तिन्ही मशीनवर प्रिंटर, बायोमेट्रिक, डिजिटल सहीचे सगळे ड्रायव्हर टाकलेले आहेत. नव्यानं टाकत बसायचं म्हणजे दोन दिवस सेंटर बंद. क्लोन केलं, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवली, तर चालेल ना?

नांदेड_सिस्टीम्स

चालेल, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा तपासणीचा प्रोग्राम टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा. ०५ आणि सी५ (खराब आणि संशयित सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे तुकडे) या दोन ओळींचे रॉ आकडे शून्य हवेत. सी५ मध्ये आकडा असेल तर क्लोनच्या फंदात पडू नका, आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडं काढा. खराब सेक्टरवर क्लोन तासन्‌तास अडकतं आणि डिस्क तिथंच दम तोडते.

मग आकार. तुमची डिस्क ५०० जीबीची. ४८० ची एसएसडी घेतली तर ती बाइटमध्ये लहान भरते आणि क्लोनझिला हा क्लोनचा प्रोग्राम सरळ नकार देतो, मग आधी पार्टिशन आखडून घ्यावं लागतं. ५१२ ची घेतली तर विनातक्रार बसतं. तिसऱ्या मशीनवर १ टीबी आहे, तिथं डी ड्राइव्हचा डेटा बाहेर काढून पार्टिशन लहान करणं आलंच.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची डिस्क सिग्नेचर (ओळखक्रमांक) एकच असते, विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा भलत्याच डिस्कवरून सुरू होतं.

७०४० आणि रायझनवरचं विंडोज एमबीआरमध्ये असेल तर एनव्हीएमईवर क्लोन करण्याआधी जीपीटी करून घ्या. विंडोज १० मध्ये एमबीआर२जीपीटी हे साधन आतच आहे. प्रशासक म्हणून कमांड विंडो उघडा, आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर नापास होतं. कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये लेगसी काढून यूईएफआय करायचं, तोपर्यंत मशीन उघडणार नाही. पहिल्या मशीनला साटा एसएसडी आहे, तिथं एमबीआर तसंच राहिलं तरी बिघडत नाही.

मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर हे सगळं करायच्या आधी तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोसमध्ये हात घातला की तो की मागतो.

मांजरा_टेक

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तिसऱ्या आणि सहाव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, ५६००जी ला बसतं. एसएसडी घेताना हे लक्षात ठेवून जुन्या दोन मशीनवर किती खर्च करायचा ते ठरवा. २.५ इंची एसएसडी उद्या कुठल्याही मशीनला लागते, ती वाया जात नाही.

बालाघाट_पीसी

उष्णतेचं कोणी बोललं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढं असतो, पत्र्याखालच्या दुकानात आणखी. घरगुती एसएसडीला साधारण ७० अंशांपर्यंत चालायची मुभा असते. खोलीच ४२ अंशांवर असेल तर कॅबिनेटच्या आत ५० आणि मोठी फाइल लिहिताना एनव्हीएमईची चिप ७० च्या पुढं सहज जाते. ड्राइव्ह जळत नाही, स्वतःला वाचवायला वेग कमी करते. बोर्डासोबत उष्णता ओढून घेणारा पत्रा (हीटसिंक) आला असेल तर तो लावा, आणि लावताना त्याच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म आठवणीनं सोला. ती तशीच राहिली तर पत्रा असून उपयोग नाही. ड्राइव्हवरचं स्टिकर मात्र काढू नका, वॉरंटी जाते.

स्लिम कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, पुढची जाळी महिन्या-दोन महिन्याला ब्लोअरनं साफ करा. लाइटच्या ये-जा साठी यूपीएस हवाच. एसएसडी लिहित असताना वीज गेली तर फायलींची मोडतोड होते, स्वस्त ड्राइव्हना तेवढ्यापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर नसतात.

गोदाकाठ_हार्डवेअर

ड्राइव्ह आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत हे बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स शून्याच्या जवळ हवेत, नव्या ड्राइव्हला शेकडो तास दिसले तर परत. त्याच खिडकीत ट्रान्सफर मोडची ओळ असते, उभ्या रेघेच्या डावीकडं आत्ता मिळणारा वेग, उजवीकडं ड्राइव्हची क्षमता. एच६१ वर डावीकडं ३०० आणि उजवीकडं ६०० दिसेल, तिथं ते बरोबर आहे. एच८१ वर तसं दिसलं तर केबल चुकीच्या पोर्टवर आहे. रायझनवर पीसीआयई ३.० एक्स४ दिसलं पाहिजे. एक्स२ दिसलं तर स्लॉट बदला.

अनोळखी ब्रँडची, फारच स्वस्तात मोठी क्षमता अशी एसएसडी आली तर काहीही टाकायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यूनं पूर्ण क्षमता लिहून-वाचून बघा. खोट्या क्षमतेची ड्राइव्ह विंडोजला १ टीबी सांगते आणि खऱ्या चिपची मर्यादा ओलांडली की जुन्या फायलींवरच नव्या लिहिते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

उदगीर_ऑनलाइन

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या मशीनला ५१२ ची २.५ इंची साटा, बाकी दोघांना ५१२ ची जेन ३ एनव्हीएमई सांगतो. रायझनचं बोर्डाचं मॉडेल उद्या झाकण काढून टाकतो. शेवटचं एक : एच६१ ला हार्डडिस्क डेटासाठी ठेवायचीय, डीव्हीडी पण आहे. वेगळी केबल लागेल का? आणि ७०४० ला स्क्रू सोबत येतो का?

परभणी_रिपेअर

एच६१ ला एक साटा डेटा केबल जास्तीची घ्या, चिमटा असलेली, अर्धा मीटर पुरे. पॉवर सप्लायला साटाची दोनच टोकं असतील तर डीव्हीडीचं टोक एसएसडीला द्या किंवा स्प्लिटर घ्या. एसएसडीला वॅट कमी लागतात, स्प्लिटरवर तीच ठेवा आणि हार्डडिस्कला मूळ टोक. ३.५ इंची जागेत बसवायला २.५ ची पत्री ब्रॅकेट आणि चार एम३ स्क्रू. हार्डडिस्कचे स्क्रू एसएसडीच्या भोकात घालू नका, आटे वेगळे आहेत.

७०४० रिफर्बिश्ड आहे, त्यामुळं एम.२ चा स्क्रू आधीच कोणी काढलेला असू शकतो. ऑर्डर द्यायच्या आधी झाकण उघडून बघा, नसेल तर लॅपटॉप रिपेअरवाल्याकडं एम२ चा ३ मिमी चपट्या डोक्याचा मागा. झाकण उघडलंच आहे तर जुन्या डिस्कची पॉवर केबल कुठून आलीय तेही बघून ठेवा. या स्लिम मशीनमध्ये ती बोर्डावरच्या छोट्या कनेक्टरातून येते, नेहमीच्या पॉवर सप्लायची केबल तिथं लागत नाही.